किनाऱ्यावरून देवमासे पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवमाशांचा हंगाम तोंडावर आला की लोक तेच प्रश्न विचारू लागतात. कधी जायचं, उभं कुठे राहायचं, दुर्बीण कोणती घ्यायची. आणि एकदा देवमासा पाहून आलेले लोक हमखास आणखी एक विचारतात, "आपल्यामुळे त्यांना त्रास तर होत नाही ना?" याच प्रश्नापायी मी होडी सोडून किनारा धरला. कड्यावर बसलेला माणूस देवमाशाच्या वाटेत येत नाही, त्याच्या इंजिनाचा आवाज पाण्यात जात नाही. शिवाय तास-दोन तास एकाच पाण्यावर नजर ठेवल्यामुळे काही बिनसलं असेल तर ते बरेचदा त्यालाच आधी दिसतं. म्हणून इथे पाहण्याबद्दल जेवढं आहे तेवढंच देवमाशांवरच्या संकटांबद्दलही आहे.

देवमासे ठरावीक महिन्यांतच का दिसतात?

बहुतेक मोठ्या देवमाशांचं वर्ष दोन भागांत विभागलेलं असतं. उन्हाळाभर ध्रुवांकडच्या गार पाण्यात पोटभर खायचं आणि हिवाळ्यात उबदार पाण्यात जाऊन जोडी जमवायची, पिल्लं घालायची. उबदार पाण्यात त्यांना खायला जवळपास काहीच मिळत नाही. कित्येक महिने ते अंगावरच्या चरबीवर काढतात आणि मादी तर त्यातूनच पिल्लाला दूधही पाजते. ग्रे व्हेल जातीचे देवमासे उत्तरेकडच्या बेरिंग आणि चुकची समुद्रांतून निघून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ, शांत खाड्यांपर्यंत जातात. जाऊन-येऊन हा प्रवास १६,००० ते २०,००० किलोमीटरचा होतो. आपल्याला किनाऱ्यावरून दिसतो तो या येण्याजाण्याचा एक तुकडा.

उपाशीपोटी इतक्या लांब का जायचं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कुणी म्हणतात नवजात पिल्लाला ऊब लागते, कुणी म्हणतात देवमाशांची शिकार करणाऱ्या ओर्कांपासून बचाव होतो. उबदार पाण्यात जुनी कातडी टाकून नवी आणता येते, असंही एक मत आहे.

अपवादही आहेत. अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे कुठेच जात नाहीत. तिथेच खातात, तिथेच वितात. ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची जी मोजणी झाली, तिचा अंदाज शंभराच्या आतच होता.

किनाऱ्यावरून चांगले दिसतात अशा जागा कोणत्या?

दक्षिण आफ्रिकेतलं हर्मानस यासाठी फार प्रसिद्ध आहे. जून ते नोव्हेंबर दक्षिणी राइट व्हेल तिथल्या उपसागरात येतात. १९९२ पासून गावात एक माणूसच नेमलेला आहे, जो समुद्रशेवाळाच्या पोकळ देठाचं शिंग फुंकून देवमासे कुठे आहेत ते लोकांना सांगतो. अर्जेंटिनात वाल्देस द्वीपकल्पाजवळ एल दोरादिल्यो नावाचा गोट्यांचा किनारा आहे. तिथे पाणी काठालगतच खोल होतं, त्यामुळे भरतीच्या वेळी मायलेकरं अगदी जवळ येतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर केप बायरनसारख्या भूशिरांवरून साधारण मे ते नोव्हेंबर हंपबॅक जाता-येताना दिसतात. उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत ग्रे व्हेल दक्षिणेला जातात आणि फेब्रुवारी ते मे परततात. एकच वेळ निवडायची असेल तर मी परतीचा शेवटचा टप्पा निवडेन, एप्रिल-मेचा. तेव्हा पिल्लं घेऊन निघालेल्या माद्या सगळ्यांत शेवटी आणि काठाच्या अगदी कडेकडेने जातात.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडे तादुसाकजवळ वेगळाच प्रकार आहे. तिथे देवमासे खायला येतात, त्यामुळे तो हंगाम उन्हाळ्यात असतो.

नेमकं उभं कुठे राहायचं?

उंचावर आणि समुद्रात घुसलेल्या टोकावर. उंचीने किती फरक पडतो ते आकड्यांतूनच कळतं. डोळे पाण्यापासून २ मीटर उंचीवर असतील तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असतं. ३० मीटर उंच कड्यावर गेलात तर तेच साडेएकोणीस किलोमीटरवर जातं. वाळूत उभं राहून तासभर डोळे ताणण्यापेक्षा दहा मिनिटं चढून जा. फक्त कड्याच्या कडेपासून मागे बसा. नजर दुर्बिणीत असताना पायाखालचं भान राहत नाही.

हवा कशी हवी?

वारा पडलेला हवा. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे उठायला लागले की प्रत्येक तुरा देवमाशाच्या श्वासाच्या फवाऱ्यासारखा वाटतो आणि खरा फवारा त्यात हरवतो. बहुतेक किनाऱ्यांवर सकाळी वारा कमी असतो. ऊन हवंच असं नाही. पातळ ढगांचा एकसारखा उजेड उलट बरा, कारण पाणी चकाकत नाही.

दुर्बीण लागतेच का?

शोधायला लागत नाही, पाहायला लागते. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाच्या थोडं खाली डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा. काही हललंसं वाटलं की मगच दुर्बीण लावा. ८×४२ किंवा ७×५० पुरेशी होते (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या रुंदीचा). दहापटीच्या पुढे गेलात तर तिवईशिवाय हात स्थिर राहत नाही. सोबतच्याला जागा दाखवायची असेल तर "तिकडे, तिकडे" करून काही उपयोग नसतो. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. "त्या खडकाच्या उजवीकडे दोन मुठी" म्हटलं की सगळ्यांना सापडतं.

फवारा कसा ओळखायचा? आणि त्यावरून देवमासा कोणता ते कळतं का?

पहिल्यांदा मी पाहिला तो मला धूर वाटला होता. एका कड्यावर पहाटेपासून बसले होते, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. करड्या पाण्यावर करड्याच रंगाचा एक झुबका उठला, दोन-तीन सेकंद राहिला आणि वाऱ्यावर तिरका होऊन विरला. मला वाटलं पलीकडे एखादी होडी असेल. तेवढ्यात आवाज आला, मोठ्या भात्यातून हवा सुटावी तसा. दिसणं आणि ऐकू येणं यांत तीन सेकंद गेले असतील. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवर कुणीतरी श्वास सोडला होता आणि तो मी ऐकला होता. तेव्हापासून वारा पडला असेल तर मी बघण्याइतकेच कानही लावून बसते.

तुटणारी लाट पसरते. फवारा सरळ वर जातो, क्षणभर थांबतो आणि पुसला जातो. शंका आली तर त्याच जागी नजर धरून राहा, कारण बहुतेक मोठे देवमासे बुडी मारण्याआधी १५ ते ३० सेकंदांच्या अंतराने तीन-चार वेळा तरी श्वास घेतात.

आकारावरून बराच अंदाज येतो. राइट व्हेलचा फवारा समोरून किंवा मागून पाहिला तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला दिसतो. ग्रे व्हेलचा ठेंगणा आणि त्याच कोनातून कधी कधी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा. हंपबॅकचा झुडपासारखा गुबगुबीत. निळ्या देवमाशाचा खांबासारखा उंच, नऊ मीटरपर्यंतसुद्धा जातो. स्पर्म व्हेलचं नाकपुडीचं भोक डोक्याच्या पुढच्या टोकाला डाव्या बाजूला असतं, त्यामुळे त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे कललेला असतो. मिंकी या लहान देवमाशाचा तर बहुधा दिसतच नाही. वारा असला की हे सगळे आकार बिघडतात, तेव्हा फक्त फवाऱ्यावर विसंबू नका. पाठ बघा. राइट व्हेलच्या पाठीवर पर नसतो आणि डोक्यावर पांढुरके खडबडीत चट्टे असतात. ग्रे व्हेललाही पर नसतो, पण पाठीच्या मागच्या भागात उंचवट्यांची रांग असते. हंपबॅकला लहानसा पर असतो आणि पुढची दोन वल्ही, म्हणजे हातांच्या जागचे अवयव, शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीची असतात. उडी मारताना ती उघडली की ओळखायला दुसरं काही लागत नाही.

फवारा म्हणजे डोक्यातून उडणारं पाणी ना?

नाही, तो उच्छ्वास आहे. फुप्फुसातली उबदार दमट हवा जोरात बाहेर पडून तिचे थेंब होतात, त्यात थोडा शेंबूड आणि नाकपुडीवर साचलेलं पाणी मिसळतं. नावात मासा असला तरी देवमासा हा हवेत श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. पुढे दोरांचा विषय येईल तेव्हा हे लक्षात असू द्या.

शेपटी वर करून गेला. आता किती वेळ थांबू?

ग्रे व्हेल असेल तर तीन ते पाच मिनिटं आणि तो ज्या दिशेने चालला होता तिकडे थोडं पुढे बघा. हंपबॅक पाच ते पंधरा मिनिटं घेऊ शकतो. स्पर्म व्हेल गेला तर निवांत बसा, पाऊण तास सहज जातो. शेपटीच्या फटकाऱ्याने पाण्यावर एक गुळगुळीत, तेलकट दिसणारं वर्तुळ उमटतं आणि बराच वेळ टिकतं. उंचावरून अशी वर्तुळं ओळीने दिसली तर देवमाशाची वाट आखल्यासारखी समजते.

काठाजवळ आला तर पाण्यात उतरून जवळ जावं का? ड्रोन सोडावा का?

दोन्ही नको. काठाजवळ येणारे बहुतेक वेळा मायलेकरं असतात. पिल्लाला दूध हवं, आईला विसावा हवा. आईने महिनोन्‌महिने काही खाल्लेलं नसतं, त्यामुळे दचकून दूर जाण्यात गेलेली ताकद तिला लगेच भरून काढता येत नाही. होड्यांनी किती अंतर राखायचं याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. बऱ्याच ठिकाणी ते १०० मीटरच्या आसपास आहे आणि पिल्लू सोबत असेल तर जास्त. अमेरिकेत उत्तर अटलांटिक राइट व्हेलपासून ५०० यार्ड, म्हणजे सुमारे ४५७ मीटर दूर राहावं लागतं. ड्रोनवरही अनेक ठिकाणी बंदी किंवा उंचीची मर्यादा आहे.

शिकार तर कधीच थांबली. मग आता धोका कसला?

पूर्ण थांबलेली नाही. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि तो १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाला. नॉर्वे, आइसलँड आणि जपान यांनी मात्र आपापल्या वाटा काढल्या. जपान तर २०१९ मध्ये आयोगातूनच बाहेर पडला. तरी बंदीचा उपयोग झाला, हे किनाऱ्यावरूनसुद्धा दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने जाणारे हंपबॅक १९६० च्या दशकात काही शेकड्यांवर आले होते, आज ते चाळीस हजारांच्या घरात आहेत. ज्या बायरन बेमध्ये १९६२ पर्यंत देवमासे कापले जात, तिथल्याच भूशिरावर आता लोक त्यांची वाट बघत बसतात.

आज माणसामुळे जे देवमासे मरतात, त्यांतले बहुतेक कुणी मारायला निघालं नसतानाच मरतात. जहाजाची धडक आणि मासेमारीचे दोर ही दोन कारणं सगळ्यांत मोठी आहेत.

जहाज एवढं मोठं, आवाज एवढा मोठा. देवमासा बाजूला का होत नाही?

खाण्यात, झोपेत किंवा पिल्लात गुंतलेला देवमासा प्रत्येक आवाजाला पळत नाही. बंदराजवळ तर आवाज सगळीकडूनच येत असतात. आणि जहाजाच्या पुढच्या टोकासमोर त्याचा आवाज तुलनेने दबलेला असतो, कारण जहाज ढकलणारा पंखा मागे असतो. राइट व्हेल सावकाश पोहतो, पृष्ठभागाजवळ रेंगाळतो, किनारा धरून राहतो. याच सवयींमुळे शिकारी त्याला मारायला "योग्य" समजत, त्याचं इंग्रजी नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात. याच सवयी आता त्याला जहाजांच्या वाटेत आणतात. उत्तर अटलांटिकमध्ये हे देवमासे चारशेहून कमी उरले आहेत. २०१७ या एका वर्षात कॅनडा आणि अमेरिका मिळून १७ मेलेले सापडले.

यावर उपाय आहेत आणि ते लागूही पडतात. वेग कमी केला की धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता बरीच कमी होते. अमेरिकेने २००८ पासून पूर्व किनाऱ्याच्या काही भागांत, ठरावीक महिन्यांत, ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना १० नॉटची, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरची मर्यादा घातली. दुसरा उपाय वाट बदलण्याचा. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फंडीच्या उपसागरातला जहाजमार्ग २००३ मध्ये राइट व्हेलच्या जागेपासून दूर हलवला गेला. देवमाशाची वाट आपल्याला बदलता येत नाही, जहाजाची येते.

आणि दोरांचं काय?

खेकडे, लॉब्स्टर पकडायचे पिंजरे तळाशी असतात. तिथून एक दोर सरळ वर तरंगत्या बोयापर्यंत येतो. देवमासा त्या दोरांच्या रानातून जातो, दोर तोंडात, वल्ह्याला किंवा शेपटीला अडकतो, तो गरगर फिरतो आणि गुंता आणखी आवळतो. लहान असेल तर वर येता न आल्याने गुदमरतो. मोठा असेल तर पिंजऱ्यासकट सगळं ओढत महिनोन्‌महिने पोहतो. दोर मांसात रुततो, खाणं होत नाही, अंग वाळत जातं. मला हे मरण सगळ्यांत क्रूर वाटतं, कारण ते सावकाश येतं.

जे सुटतात त्यांच्या अंगावर खुणा राहतात. एकदा दुर्बिणीतून वर आलेली शेपूट बघताना तिच्या मुळाशी गोल पांढरा वळ दिसला, जू घासून बैलाच्या मानेवर पडतो तसा. उत्तर अटलांटिकच्या राइट व्हेलपैकी ८५ टक्क्यांहून अधिक जणांच्या अंगावर आयुष्यात एकदा तरी अडकल्याच्या खुणा आहेत. वाचलेल्या माद्यांचीही ताकद यात जाते आणि त्यांना पिल्लं कमी होतात. उभा दोर नसलेले, इशारा दिल्यावर तळातून बोया वर सोडणारे पिंजरे आता निघाले आहेत. पण ते महाग पडतात आणि हा भार एकट्या मच्छीमारावर टाकणं मला न्याय्य वाटत नाही.

समुद्रातल्या आवाजाने खरंच फरक पडतो?

पडतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची वर्दळ घटली. त्याच वेळी फंडीच्या उपसागरात राइट व्हेलची विष्ठा गोळा करण्याचं काम चालू होतं. पाण्यातला आवाज ६ डेसिबलने खाली आला आणि विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही उतरली. हा प्रयोग कुणी ठरवून केला नव्हता, म्हणूनच तो मला फार मोलाचा वाटतो. आणखी एक गोष्ट अशी की हंपबॅकची आई आणि नवजात पिल्लू एकमेकांशी फार हळू आवाजात बोलतात. शेजारून गेलेल्या इंजिनात ते सहज बुडून जातं.

हवामान बदलाचा संबंध काय?

ग्रे व्हेल हे याचं सगळ्यांत ताजं उदाहरण. १९९४ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून त्यांचं नाव निघालं आणि संवर्धनाचं यश म्हणून त्यांची गोष्ट सांगितली जाऊ लागली. २०१६ च्या सुमारास पूर्व प्रशांतातली त्यांची संख्या २७,००० च्या आसपास होती. २०१९ पासून किनाऱ्यांवर मेलेले, हाडं वर आलेले देवमासे लागू लागले आणि २०२३ पर्यंत संख्या साधारण १४,५०० वर आली. आर्क्टिकमधला बर्फ घटतोय, तळाच्या गाळातल्या ज्या बारीक जिवांवर ते जगतात त्यांचं गणित बिघडतंय. उन्हाळ्यात पोट भरलं नाही तर हिवाळ्याच्या प्रवासाला शिदोरी पुरत नाही. भुकेलेले देवमासे वाटेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरासारख्या गजबजलेल्या पाण्यात शिरतात आणि तिथे जहाजांखाली येतात. एक संकट दुसऱ्याच्या तोंडी देतं, ते असं.

किनाऱ्यावरून ओळखायची खूण सांगते. डोक्याच्या मागे, मानेच्या जागी खळगा पडलेला दिसला किंवा पाठ दोन्ही बाजूंनी खोल गेलेली दिसली तर तो देवमासा उपाशी आहे.

पक्षी देवमाशाच्या पाठीवर बसून चोची मारत होते. असं होतं का?

वाल्देस द्वीपकल्पाजवळ सर्रास होतं. तिथले केल्प गल जातीचे पक्षी राइट व्हेलची कातडी आणि चरबी टोचून खातात. मादी त्या वेदनेने पाठ वाकवून फक्त नाकपुडी वर काढायला शिकते. पिल्लांना ते तितकं जमत नाही, त्यांच्या पाठीवर जखमांवर जखमा होतात. मासळीचा टाकाऊ भाग आणि उघड्यावरचा कचरा यांवर हे पक्षी पोसले जातात, म्हणजे या प्रकरणातही आपला हात आहे.

दोर किंवा बोया ओढत जाणारा देवमासा दिसला तर काय करू?

लगेच तटरक्षक दल, वन किंवा मत्स्य विभाग, तिथे असेल ती सागरी बचाव यंत्रणा यांना फोन करा. हंगामाला जाण्याआधीच तो नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. वेळ, जागा, दिशा, वेग, बोयाचा रंग आणि दोर अंगाच्या कोणत्या भागाला आहे ते सांगा. दिसतोय तोवर नजर सोडू नका, कारण पथक येईपर्यंत त्याचा ठावठिकाणा सांगणारं दुसरं कुणी नसतं.

स्वतः कापायला जाऊ नका, ओळखीच्या होडीवाल्यालाही पाठवू नका. मोकळा लोंबणारा दोर कापला की पथकाला धरायला काही उरत नाही आणि रुतलेला भाग तसाच राहतो. जिवाचा धोका तर आहेच. २०१७ मध्ये कॅनडात अनेक वर्षांचा अनुभव असलेला एक बचावकर्ता राइट व्हेलला मोकळं केल्यावर पुढच्याच क्षणी त्याच्या फटक्याने गेला.

जिवंत देवमासा किनाऱ्याला लागला तर?

आधी फोन. मग गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, आवाज कमी करा. पथकाने सांगितलं तर ओली फडकी अंगावर घाला, सावली करा, पण नाकपुडीवर पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. शेपटीला दोर बांधून ओढू नका, पाठीचा कणा निखळतो. "समुद्रात ढकलून दिला" ही बातमी ऐकायला चांगली वाटते, पण आजारी जनावर बहुधा पुन्हा किनाऱ्यालाच लागतं.

मेलेला असेल तर?

हात लावू नका, रोग पसरू शकतात. फोटो काढा, जागा कळवा. दोराच्या खुणा किंवा पंख्याचे समांतर घाव दिसत असतील तर त्यांचे फोटो मुद्दाम घ्या. मृत्यूचं कारण ठरवायला ते लागतात.

माझ्या साध्या फोटोंचा कुणाला उपयोग होईल?

हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू दिसत असेल तर नक्की. तिथली काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. हॅपीव्हेल नावाच्या संकेतस्थळावर फोटो टाकला की तो आधीच्या नोंदींशी जुळवला जातो आणि हाच देवमासा यापूर्वी कुठे दिसला होता ते कळू शकतं. राइट व्हेलसाठी डोक्यावरच्या चट्ट्यांचा फोटो हवा.

दिवसभर बसून काहीच दिसलं नाही, तर नोंद करायची का?

करायची, आणि तितक्याच काळजीने. किती वाजता बसलात, किती वाजता उठलात, वारा कसा होता, क्षितिज स्पष्ट होतं की धुकट, आणि दिसले शून्य. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून १९६७ पासून ग्रे व्हेलची मोजणी चालू आहे. ती अशाच पाळ्या लावून बसलेल्या माणसांच्या वह्यांवर उभी आहे. २७,००० वरून १४,५०० पर्यंतची घसरण याच मोजणीतून कळली, कारण मोजणारे रिकाम्या समुद्राचे तासही लिहून ठेवत होते.